आशा चाळीस मिनिटांत मावते का? तीन लघु-माहितीपट

शेवटच्या नामावलीसकट ४० मिनिटांत आटोपली तर ऑस्करच्या लेखी ती ‘शॉर्ट’ डॉक्युमेंटरी. मला हा नियम आवडतो. समारंभांचे आणि कंपन्यांचे व्हिडिओ एडिट करून मी पोट भरते, त्यामुळे दुसऱ्याचं पाल्हाळ बघवत नाही. पण साध्या माणसांच्या झगड्यावरच्या फिल्म्समध्ये या चाळीस मिनिटांचा एक साचाच पडून गेलाय: आधी हालअपेष्टा, मग मदतीला धावून येणारं कुणीतरी, मग व्हायोलिन आणि हसरे चेहरे. म्हणून अशी फिल्म मी एकदा आवाज बंद करून बघते. व्हायोलिन काढून घेतल्यावरही माणूस पडद्यावर उरत असेल, तर फिल्म खरी.

या कसोटीला सगळ्यात चांगली उतरली ती ‘पीरियड. एंड ऑफ सेंटेन्स’. रायका झेहताब्चीची, २०१८ची, जेमतेम २६ मिनिटांची. दिल्लीजवळच्या हापूड जिल्ह्यातलं काठीखेडा गाव, तिथं आलेलं सॅनिटरी पॅड बनवायचं यंत्र आणि ते चालवणाऱ्या बायका. सुरुवातीलाच मुलींना पाळीबद्दल विचारतात आणि उत्तरच येत नाही. नुसतं लाजणं, खुदखुदणं, मान खाली. हे तुकडे माझ्या टेबलावर आले असते तर क्लायंटनं सांगितलं असतं, ‘ही शांतता काढा, काहीच घडत नाहीये.’ इथं ती ठेवलीय, आणि पुढच्या सगळ्या बोलण्याला वजन येतं ते तिच्यामुळेच. पुरुषांना विचारल्यावर तर एकजण तो काहीतरी आजार असल्याचं सांगतो, बायकांना होणारा. कुणी त्याची टर उडवत नाही, कॅमेरा पुढं सरकतो. बरं केलं.

श्रद्धेचा विषय येतो तो ओघात. पाळीत देवळात जायचं नाही, प्रार्थना पोचत नाही, असं सांगितलं जातं. त्यावर एक तरुण मुलगी म्हणते की ज्या देवीला आपण हात जोडतो ती स्वतःच बाई आहे. आवाज चढलेला नाही, भाषण नाही. तिचा देवावरचा विश्वास शाबूत आहे, तिला नियम पटत नाही एवढंच. श्रद्धा म्हटलं की मिटलेले डोळे आणि घंटानाद दाखवणाऱ्यांनी हे अर्धं मिनिट बघावं.

आशासुद्धा इथं कामातून येते. यंत्रावर दाबलेले पॅड, त्यांची पाकिटं, मग ती विकायला दारोदार. हात सतत चाललेले असतात आणि एडिटिंगही त्या हातांच्या लयीत आहे. एक गोष्ट मात्र खटकते. फिल्म आणि ‘द पॅड प्रोजेक्ट’ ही संस्था, दोन्हींच्या मुळाशी लॉस एंजेलिसच्या एका शाळेतल्या विद्यार्थिनी आणि त्यांच्या शिक्षिका आहेत. यंत्रासाठी पैसे जमवणारे आणि फिल्म करणारे एकाच बाजूचे, म्हटल्यावर यंत्राचं कौतुक होणारच. यंत्र बिघडलं तर दुरुस्ती कोण करणार, कच्चा माल कुठून येणार, हे प्रश्न मला पडले. फिल्मला फारसे पडलेले दिसत नाहीत.

‘द एलिफंट व्हिस्परर्स’ (२०२२, कार्तिकी गोन्साल्विस) पुष्कळांनी पाहिलीच असेल. २०२३मध्ये तिला ऑस्कर मिळालं. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलातल्या हत्तींच्या छावणीत बोम्मन आणि बेल्ली हे जोडपं रघू नावाचं हत्तीचं अनाथ पिल्लू वाढवतं. छायाचित्रण कधीकधी कॅलेंडरला शोभेल इतकं गुळगुळीत, आणि तिथं माझा हात आपसूक म्यूटकडे जातो. पण बेल्ली बाटलीनं दूध पाजते किंवा दोघं त्याला नदीत अंघोळ घालतात, तेव्हा त्या सरावलेल्या हातांपुढे माझी कुरकुर टिकत नाही. बेल्लीनं मुलगी गमावलीय. ते दुःख फिल्म एकदाच सांगते आणि पिळत बसत नाही. पुढे वनखातं रघूला दुसऱ्या माहुताकडे देतं. इथं खलनायक उभा करणं सोपं होतं, तो केलेला नाही. मला मात्र खात्याचं म्हणणं दोन वाक्यांत तरी ऐकायला आवडलं असतं.

तिसरी ‘स्माइल पिंकी’, मेगन मायलनची, २००८ची. जन्मतः ओठ दुभंगलेली मिर्झापूर जिल्ह्यातली लहान मुलगी आणि वाराणसीत तिच्यावर झालेली मोफत शस्त्रक्रिया. साच्यात अगदी चपखल बसणारी गोष्ट, आणि शेवट पहिल्या पाच मिनिटांत कळतो. मला पिंकीपेक्षा लक्षात राहिला तो गावोगाव फिरून अशी मुलं शोधणारा कार्यकर्ता. हा इलाज होतो, तोही पैसे न घेता, हे आईबापांना पटवायचं म्हणजे आधी त्यांचा संशय फेडायचा. गरीब माणूस फुकटाला का घाबरतो, हे या प्रसंगांत नीट उतरलंय. त्यांना अजून दहा मिनिटं द्यायला हवी होती. हॉस्पिटलमधली कमी केली असती तरी चाललं असतं.

एकाच दिवशी तिन्ही पाहू नका. डोळे पाणावायची सवय लागते आणि मग तिसऱ्या फिल्मवर अन्याय होतो. एकच बघणार असाल तर काठीखेड्याची. ‘एलिफंट व्हिस्परर्स’ बघणार असाल तर मूळ तमिळ आवाज ठेवा आणि सबटायटल्स लावा. बोम्मन-बेल्ली पिल्लाशी जे पुटपुटतात, ते डबिंगवाल्याच्या घोटीव आवाजात ऐकण्यात काही राम नाही.