डोरन, एनिस की क्लॅन्सी? इलन पाइप्स शिकणाऱ्यानं आधी कोणाला ऐकावं

इलन पाइप्स म्हणजे भात्यानं हवा भरून वाजवायचं आयरिश पिशवीवाद्य (बॅगपाइप). त्याचा सराव-संच म्हणजे पिशवी, भाता आणि चँटर (बोटांनी चाल वाजवायची नळी), बस्स. ड्रोन (एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या) नाहीत, रेग्युलेटरही (मनगटानं चाव्या दाबून साथीचे सूर काढायच्या नळ्या) नाहीत. तो हातात येऊन दोन-तीन महिने झाले, खालच्या सप्तकातले सूर जरा माणसात आले, की शिकणारा विचारतो: आता ऐकू कोणाला? डब्लिनमध्ये मी हाच प्रश्न चार जणांना विचारला आणि चार वेगवेगळी नावं घेऊन घरी आलो. मग वर्षभर ती सगळी आलटून पालटून ऐकली. तुम्ही ते वर्ष वाया घालवू नये म्हणून हा खटाटोप.

निवड करण्याआधी एक गोष्ट कानाला कळली पाहिजे. बासरीवाल्याला फुंक थांबवता येते, सनईवाल्याला जिभेनं सूर तोडता येतो. इथे तोंडाला कामच नाही. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या काखेत पिशवी; हवा सुरू झाली की चँटर वाजतच राहतो. गप्प करायचा तर सगळी भोकं झाकून त्याचं टोक मांडीवरच्या चामड्याच्या पट्टीवर दाबून धरायचं. म्हणजे दोन सुरांमधली शांतताही बोटांनीच घडवावी लागते. काही वादक जवळजवळ प्रत्येक सुरानंतर ती घडवतात, त्यांचे सूर ताशासारखे सुटे सुटे पडतात. हे 'बंद' वादन. काही जण बोटं मोकळी ठेवून एका सुरातून दुसऱ्यात वाहत जातात, ते 'खुलं'. कुठली रेकॉर्ड लावायची हा प्रश्न खरं तर तुमचे हात कुठल्या वळणावर न्यायचे, हा आहे.

सगळे आधी जॉनी डोरनचं नाव घेतात, आणि का घेतात ते पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं. डोरन भटक्या समाजातला. घोड्याच्या गाडीतून जत्रा आणि शर्यतींना हिंडायचा, उघड्यावर वाजवायचा. गर्दी खेचायची तर पाण्याच्या लोंढ्यासारखं वादन हवं, आणि ते तसंच आहे: खुलं, वेगवान, खालून मनगटानं रेग्युलेटरचे स्वर ठोकत जाणारं. त्याची तब्येत ढासळतेय हे बघून फिडलवादक जॉन केली यांनी खटपट केली आणि 1947 मध्ये आयरिश लोककथा आयोगानं त्याला तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केलं. पुढच्याच जानेवारीत डब्लिनमध्ये त्याच्या गाडीवर भिंत कोसळली. 1950 मध्ये तो गेला. ती मूठभर ध्वनिमुद्रणं 'द बंच ऑफ कीज' या नावानं 1988 मध्ये बाहेर आली.

ऐकाच. पण नवशिक्यानं त्याच्यामागे धावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी धावलो होतो. त्याचं 'रेकिश पॅडी' निम्म्या वेगानं लावलं, तेव्हा जिथे मला तीन सूर ऐकू येत होते तिथे सात निघाले. त्या सातांच्या नादात मी भात्याची लय विसरलो, पिशवीवरचा दाब डळमळला आणि वरच्या सप्तकातला प्रत्येक सूर कोंबडीसारखा ओरडला. घरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

शेमस एनिस अगदी दुसऱ्या प्रकृतीचा माणूस. 1942 ते 1947 त्याच लोककथा आयोगासाठी गावोगाव गाणी आणि चाली टिपून घेतल्या, पुढे आयरिश रेडिओ आणि बीबीसीसाठीही तेच काम. त्यामुळे हजारो चाली त्यांच्या डोक्यात होत्या आणि प्रत्येकीची गोष्टही. त्यांच्या वडिलांनी 1908 मध्ये लंडनच्या एका गहाणवटीच्या दुकानातून पाइप्सचे सुटे तुकडे असलेली पिशवी घेतली. तो निघाला डब्लिनच्या कॉइन यांच्या कारखान्यातला एकोणिसाव्या शतकातला संच, आणि शेमसनी आयुष्यभर तोच वाजवला. 'द रिटर्न फ्रॉम फिंगल' (1997) हा रेडिओच्या संग्रहातून निवडलेला ऐवज मला त्यांच्या इतर रेकॉर्डपेक्षा जवळचा वाटतो. सुमारे चाळीस वर्षांचं वादन एकापाठोपाठ येतं आणि मध्ये बोलणं, गाणं. ध्वनीचा दर्जा सारखा नाही, काही ठिकाणी खरखर आहे. पण तीच चाल दुसऱ्यांदा येताना हा माणूस एखाद्या सुराची जागा कशी बदलतो, कुठे बंद बोटांनी तीन सूर खिळ्यासारखे ठोकतो, हे ऐकायला कान तयार असावा लागतो. ख्यालातली उपज जशी बंदिश पाठ असल्याशिवाय कळत नाही, तसंच. म्हणून एनिस दुसऱ्या वर्षी.

राहिले विली क्लॅन्सी. क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मॅल्बेचे सुतार. 1936 मध्ये त्यांनी डोरनला प्रत्यक्ष वाजवताना पाहिलं आणि या वाद्याच्या नादी लागले. गंमत अशी की त्यांचं वादन डोरनची नक्कल झालं नाही. वाहता सूर आहे, मध्येच बंद बोटांची नक्षी आहे, आणि जिगसुद्धा (नाचाची उडती चाल) अशा बेताच्या गतीनं जाते की पायानं ठेका धरता धरता प्रत्येक सूर वेगळा मोजता येतो. संथ चालींत ते सुराला तळाशी किंचित लोंबकळू देतात, मग वर घेतात. ही मींडच म्हणा ना. त्यांच्या निधनानंतर 'द पायपरिंग ऑफ विली क्लॅन्सी'चे दोन भाग निघाले, 1980 आणि 1983 मध्ये. गाणी आणि टिन व्हिसलही हवी असेल तर 1967 ची 'द मिन्स्ट्रेल फ्रॉम क्लेअर' आहे, पण निव्वळ पाइप्ससाठी पहिला भाग घ्या. पैसे किंवा वेळ एकाच रेकॉर्डपुरता असेल तर माझं मत डोळे झाकून याला. आणि जमलं तर एखाद्या जुलैत मिलटाउनला जाऊन या. 1973 पासून त्यांच्या नावानं तिथे उन्हाळी शाळा भरते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. लिओ रॉसम यांची 'री ना बीबरी' (1959) ही क्लॅडा कंपनीची पहिलीच एलपी. रेग्युलेटरची भरगच्च साथ ऐकायची असेल तर हीच, पण तुमच्या संचाला रेग्युलेटर लागेपर्यंत थांबलात तरी चालेल. डोरनचं खुलं वळण आवडलंच असेल तर पॅडी कीनन यांची 1975 ची रेकॉर्ड त्याच वाटेवर जाते, शिवाय आवाज स्वच्छ. लिअम ओ'फ्लिन हे रॉसम यांचे शिष्य, आणि एनिस यांचा तो कॉइन संच पुढे त्यांच्याकडेच गेला. त्यांची 'द ब्रेंडन व्हॉयेज' (1980) घरच्यांना ऐकवायला उत्तम. कातड्याच्या होडीतून केलेल्या अटलांटिक सफरीवरची ती रचना आहे, सोबत अख्खा ऑर्केस्ट्रा. सराव म्हणून मात्र काही उपयोग नाही. आणि हो, 'ब्रेव्हहार्ट'मध्ये स्कॉटलंडच्या डोंगरांवर जे वाजतं ते बरंचसं हेच आयरिश वाद्य आहे. तिथून या नादाला लागलेले बरेच जण मला भेटलेत.

एक व्यावहारिक अडचण सांगून ठेवतो. आजचे सराव-संच बहुतेक डी पट्टीतले असतात आणि जुने संच बरेचदा त्याहून खालच्या. एनिस यांचा तर नक्कीच. रेकॉर्ड लावून सोबत वाजवायला बसलात की सगळं बेसूर लागेल आणि तुम्ही उगाच रीड (चँटरमधली सूर काढणारी वेताची पात) तासायला घ्याल. रीडला हात लावू नका. संगणकावर रेकॉर्डचीच पट्टी वर चढवा, वेग पाऊणपट करा, आणि पहिले आठ दिवस फक्त एका चालीच्या पहिल्या भागाच्या आठ मात्रा वाजवा.