शाळेच्या आठवणी जपायच्यात: फोनमधले फोटो की रोजची वही?

शाळेची शेवटची दोन-तीन वर्षं उरली असतील आणि ती नंतर नीट आठवावीत असं वाटत असेल तर हे दोन पर्याय समोर येतातच. मी दोन्ही केलंय, त्यामुळे माझं मत थोडं एकीकडे झुकलेलं असणार, ते धरूनच वाचा.

आधी फोटोंचं. फोन हातात असतोच, कष्ट शून्य, आणि अख्खा वर्ग एका क्लिकमध्ये येतो. व्हिडिओला तर तोडच नाही. मित्राचा आवाज फुटायच्या आधीचा कसा होता हे वहीत कितीही लिहिलं तरी ऐकू येणार नाही, तिथे वही हरलीच. स्नेहसंमेलन, मॅच, निरोप समारंभ यासाठी फोटोच पाहिजेत, वादच नाही.

पण माझं डोकं फिरलं ते तारखांवरून. शाळेतले बहुतेक फोटो आपण काढलेले नसतातच, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले असतात, आणि तिथून नेहमीसारखा फोटो पाठवला की त्याची साइज तर कमी होतेच, वर तो कधी काढला ही आतली माहितीही उडते. फाइलच्या नावात तारीख दिसते खरी, पण ती पाठवापाठवीची. नंतर फोन बदलला, फोटो कॉपी केले, आणि गॅलरी उघडली तर नववीची सहल, दहावीचं प्रदर्शन, कोणाचा तरी वाढदिवस, सगळं एकाच दिवशी घडल्यासारखं एका तारखेखाली. मध्ये गुड मॉर्निंगचे फॉरवर्ड. मग बसा ओळखत, ही सहल चाचणीच्या आधीची की नंतरची, आणि मागे उभा आहे तो नक्की कोण. बरं, आपले स्वतःचे फोटो क्लाउडवर आहेत म्हणून निवांत राहावं तर गूगलने अमर्याद फुकट जागा 1 जून 2021 पासून बंद केली, आता 15 जीबी आणि त्यात मेलही आले, आणि अकाउंट दोन वर्षं वापरलं नाही तर डिलीट होऊ शकतं. शाळेने दिलेला आयडी असेल तर शाळा सुटल्यावर तो राहीलच याची खात्री नाही, त्यात काही ठेवलं असेल तर आधीच काढून घ्या.

आता वही. कंटाळा येतो, खाडे पडतात, घरातलं कोणी वाचेल ही भीती असते, आणि कॉपी एकच. हे सगळं मान्य. पण "गणिताच्या तासाला फळ्यावरचं उदाहरण सरांचंच चुकलं, मागून कोणीतरी खोकलं आणि मग अख्खा वर्ग खोकत बसला" ही ओळ माझ्याकडे तारखेसकट आहे, आणि याचा फोटो कोण काढणार होतं? तुम्ही म्हणाल या वयातलं तसंही लक्षात राहतं. ते खरंय, साधारण दहा ते तिशीपर्यंतच्या आठवणी माणसांना पुढे जास्त आठवतात असं मानसशास्त्रातही दिसलंय. पण टिकतात त्या बहुतेक मोठ्या गोष्टी, साधा मंगळवार जातोच. 2014 मध्ये लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञांचा म्युझियममधला एक प्रयोग आला होता, त्यात ज्या वस्तूंचे पूर्ण फोटो काढले त्या लोकांना नुसत्या पाहिलेल्यांपेक्षा कमी आठवल्या, झूम करून एखादाच भाग टिपला तर मात्र तसं झालं नाही. शाळेला हे जसंच्या तसं लागू होईलच असं नाही, पण मॅच चालू असताना पूर्ण वेळ फोन धरून उभा असलेला एक जण प्रत्येक वर्गात असतो आणि स्कोअर तोच इतरांना विचारत असतो.

ज्याला लिहायचा मनापासून कंटाळा आहे त्याने फोटोच ठेवावेत, उगाच जबरदस्ती नको. फक्त मित्रांकडून मागवताना डॉक्युमेंट म्हणून मागवा, म्हणजे ओरिजनल फाइल तारखेसकट येते. बाकीच्यांना मी वहीच घ्या म्हणेन. रोज पानभर नको, दोन ओळी पुरे, वर तारीख, आणि टोपणनाव लिहिलं तर एकदा तरी शेजारी खरं नाव, कारण नंतर "बंड्या" म्हणजे कोणता बंड्या हा प्रश्न पडतोच. वर्ष संपलं की पानांचे फोटो काढून ठेवा, म्हणजे एकाच कॉपीची काळजी मिटली. आणि जेल पेन टाळा, बऱ्याच जेल पेनांची शाई पाणी पडलं की पसरते, साधं बॉलपेन बरं.