क्लच वॉलेट: उलटवून शिवावं की गोट लावावा?

क्लच वॉलेटचा पॅटर्न निवडताना आपण आधी कार्डांचे कप्पे किती, चेन आहे का, मोबाइल मावेल का हे बघतो. मीही तेच बघायचो. आता नवा पॅटर्न हातात आला की मी थेट शेवटच्या पानावर जातो आणि कडा कशा बंद केल्या आहेत ते आधी वाचतो. कप्पे कमी-जास्त करता येतात, चेन वगळता येते; पण कडेची पद्धत एकदा ठरली की कापड किती बेतायचं, माया (टिपेबाहेरचं जास्तीचं कापड) किती सोडायची, फ्यूजिंग (कापडाला कडकपणा देणारा, इस्त्रीने चिकटणारा थर) कुठवर लावायचं हे सगळं तिच्यावरच ठरतं.

पद्धती मुख्यतः दोन. पहिलीत बाहेरचा भाग आणि कप्प्यांचा आतला भाग सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून कडेने टीप घालायची, मध्ये थोडी फट सोडायची आणि त्या फटीतून अख्खं वॉलेट उलटवून बाहेर काढायचं. दुसरीत दोन्ही भाग उलट्या बाजू आत ठेवून एकावर एक बसवायचे आणि कच्च्या कडेवर उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या पट्टीचा गोट लावायचा. रेक्झिन किंवा चामडं शिवणाऱ्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण त्यांच्या कडेचे धागे सुटत नाहीत. मी बोलतोय ते सुती कापड, कॅनव्हास, डेनिम अशा कापडांबद्दल.

उलटवून मी तीन वॉलेट शिवली, गोट लावून सहा. त्यावरून माझा कल कुठे आहे हे कळेलच, पण उलटवलेल्या वॉलेटचं रूप मला आजही आवडतं. कुठेही जोड दिसत नाही, कडेपासून ३ मिमी आत एक सरळ टीप, बस. छापील कापड असेल तर नक्षी थेट कडेपर्यंत अखंड राहते. शिवाय काम लवकर उरकतं. कप्पे तयार असतील तर कडा शिवून, उलटवून, इस्त्री करून वरची टीप घालायला मला तासभर पुरतो. गोटाला त्याच्या दुप्पट वेळ जातो, आणि आतली बाजू हाताने शिवली तर अख्खी संध्याकाळ. पातळ सुती कापड, दोन-तीनच कप्पे, मऊ फ्यूजिंग आणि वेळ कमी, अशा वेळी मी उलटवण्याच्या विरोधात बोलणार नाही.

माझं मन फिरलं ते फ्लॅपवरच्या घड्यांमुळे.

ताईसाठी गडद निळ्या कापडाचं वॉलेट शिवत होतो. आठवडाभर रोज थोडं थोडं काम केलं. कप्प्यांच्या घड्या जुळवल्या, अस्तर लावायच्या आधी मॅग्नेट बटण बसवलं, कडा शिवल्या. मग उलटवायला घेतलं. उघडं वॉलेट साधारण २० बाय २८ सेंमीचं आणि फट १० सेंमीची. कडक फ्यूजिंग लावलेला एवढा तुकडा त्या फटीतून काढायचा तर तो चुरगळतोच. गुंडाळून बघितलं, एकेक कोपरा आधी ओढून बघितला. शेवटी बाहेर आलं तेव्हा फ्लॅपच्या ऐन मध्यावर तीन तिरप्या घड्या पडलेल्या होत्या. वाफेची इस्त्री फिरवली, ओलं फडकं ठेवून दाबली, रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवलं. घड्या फिकट झाल्या, गेल्या नाहीत. ताईने वॉलेट हातात घेतलं, कौतुक केलं, फ्लॅपवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “बॅगेत दुमडलं गेलं का रे हे?”

त्याचं मला फार वाईट वाटलं. वॉलेटची जी बाजू सगळ्यांना दिसते, तीच चुरगळलेली. पुढे काही महिन्यांच्या वापरात त्याच रेषांवर फ्यूजिंग कापडापासून सुटलं आणि बारीक फुगे आले. फ्यूजिंगचा डिंक इस्त्रीच्या उष्णतेने वितळून कापडाला धरतो. एकदा चिकटल्यावर तो थर तीव्र मोडला की त्या रेषेवरची पकड ढिली होते. न विणलेलं, कागदासारखं फ्यूजिंग तर पडलेली घडी सोडतच नाही. पुढच्या वेळी मी विणलेलं फ्यूजिंग वापरलं आणि त्रास बराच कमी झाला. फोमवाल्या थराने आणखी कमी होतो. फट १५ सेंमीची ठेवूनही पाहिली. घड्या जवळपास टळल्या, पण आता हाताने बंद केलेली ती लांब जागा कडेवर ओळखू येऊ लागली. तुमचा हात माझ्यापेक्षा सफाईदार असेल तर कदाचित तुम्हाला ही अडचण जाणवणारही नाही. गोटाच्या पद्धतीत मात्र उलटवणंच नसतं. फ्यूजिंग लावलेला तुकडा टेबलावर सपाट असतो तो शेवटपर्यंत सपाटच राहतो.

गोटाकडे वळल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी आधी मला कुणी सांगितली नव्हती. उलटवायच्या पद्धतीत जाडी कमी राहावी म्हणून कडक फ्यूजिंग मायेच्या आतच कापतात. त्यामुळे त्याची कड मुख्य टिपेत सापडत नाही, ते फक्त डिंकाच्या आणि वरच्या टिपेच्या भरवशावर असतं. गोटात फ्यूजिंग थेट कडेपर्यंत जातं आणि पट्टीच्या टिपेत पक्कं शिवलं जातं. माझी गोटाची वॉलेट कडेला कधी सुटली नाहीत, त्याचं श्रेय मी याला देतो.

जाडीचंही तेच. चार कप्प्यांच्या घड्या जिथे एकमेकींवर येतात तिथे प्रत्येकाचे दोन थर धरून आठ, मागचं अस्तर, बाहेरचं कापड आणि फ्यूजिंग मिळून ११ थर होतात. उलटवल्यावर कापडाची माया आतल्या आत दुमडते आणि कडेवरची जाडी जवळजवळ दुप्पट होते. वरची ३ मिमीची टीप नेमकी तिथूनच न्यायची. १६ नंबरची सुई घालून, चाक हाताने फिरवूनही माझ्या घरगुती मशीनने तिथे टाके गाळले आहेत. माया पायरीपायरीने छाटणं हा उपाय आहे. आणखी चांगला उपाय म्हणजे कप्प्यांचा भाग थोडा अरुंद बेतून दोन्ही बाजूंना साधी पट्टी जोडणं, म्हणजे घड्यांची गर्दी कडेपर्यंत पोचतच नाही. दुसरा उपाय मी दोन्ही पद्धतींत करतो. चेनच्या कप्प्यालाही तसंच: नायलॉनची चेन आणि तिच्या दोन्ही टोकांना कापडी तुकडे, म्हणजे दाते टिपेच्या वाटेत येत नाहीत.

गोटाच्या उणिवा लपवणार नाही. पहिली म्हणजे कोपरे. काटकोनी कोपऱ्यावर गोट दुमडून बसवणं एवढ्या जाडीत अवघड जातं, म्हणून पॅटर्न काहीही म्हणो, मी कोपरे गोल करतो. दोऱ्याच्या मोठ्या रिळाचा तळ ठेवून खडूने आखलं की झालं. म्हणजे ज्यांना टोकदार, चौकोनी फ्लॅप हवा आहे त्यांनी उलटवण्याचाच विचार करावा. दुसरी उणीव आतली बाजू. दोन्ही टिपा मशीनने घातल्या तर एका बाजूला पट्टी कुठेतरी निसटतेच. निदान माझी निसटते. म्हणून मी पट्टी बाहेरच्या बाजूने मशीनवर शिवतो, आत वळवतो आणि आतून हाताने बारीक टाके घालतो. मशीनला तेव्हा ११ थरांवर पट्टीचा एकच थर शिवायचा असतो, तेही सपाट. हातशिलाईचा कंटाळा असेल तर हे काम रुचणार नाही, हे मान्य.

आणि कड झिजते ती आधी गोटावरच. माझ्या रोजच्या वॉलेटचे दोन कोपरे दीडेक वर्षात विरले. पण गोट उसवला, नवी पट्टी लावली, वॉलेट पुन्हा उभं राहिलं. ताईच्या उलटवलेल्या वॉलेटचा कोपरा विरला तेव्हा नुसता कोपरा दुरुस्त करायला काही वाटच नव्हती.

गोटाची पट्टी ४५ अंशांत कापलेलीच घ्या. सरळ कापलेली पट्टी गोल कोपऱ्यावर चुण्या धरते. १ सेंमीचा गोट हवा तर हिशेबाने ४ सेंमीची पट्टी लागते, पण एवढ्या जाडीला ती तोकडी पडते. मी साडेचार घेतो. पट्ट्यांचे जोड तिरके, आणि ते कोपऱ्यावर येणार नाहीत हे आधी कडेवरून पट्टी फिरवून बघून घ्या. कोपऱ्यावर पट्टी ओढून लावू नका, उलट किंचित सैल सोडा. ओढली तर कोपरा वाटीसारखा वर उचलला जातो. टाचण्या इथे जाडीत वाकतात, क्लिपा बऱ्या. गोट लावायच्या आधी सगळे थर कडेपासून ५ मिमीवर लांब टाक्यांनी एकदा शिवून घेतो. पट्टीची टीप १ सेंमीवर पडते, त्यामुळे हा धावदोरा गोटाच्या आतच झाकला जातो.

तुमच्याकडे आधीच उलटवायचा पॅटर्न असेल आणि त्यालाच गोट लावायचा असेल, तर सगळीकडे सांगतात की चारी बाजूंची माया कापून टाका. वर आणि खाली ते बरोबर आहे. बाजूंना मात्र आधी मोजा. कार्ड ८५.६ मिमी रुंद असतं आणि ते सहज आत-बाहेर व्हायला दोन टिपांमध्ये मला निदान ९५ मिमी लागतात. उलटवलेल्या २० सेंमीच्या वॉलेटमध्ये कडेच्या टिपा वजा केल्या तरी शेजारी शेजारी दोन कप्प्यांना प्रत्येकी ९७ मिमी मिळतात. तेच २० सेंमी ठेवून १ सेंमीचा गोट लावला की राहतात ९० मिमी, आणि कार्ड काढताना नखाने ओढावं लागतं. म्हणून दोन्ही बाजूंची ६-६ मिमीची माया कापू नका. वॉलेट १२ मिमीने रुंद होईल आणि कप्प्याला ९६ मिमी मिळतील. वर-खालची मायाही कापण्याआधी कप्पे कच्चे टाचून एक कार्ड घालून बघा. ते दोन बोटांत धरून विनासायास बाहेर आलं, की मग कात्री चालवा.