दीड डॉलरची सीडी आणि ३४० डॉलरचं दुखणं : ‘सदर्न बाय द ग्रेस ऑफ गॉड’, आठ महिन्यांनंतर

आधी हिशेब सांगतो. लेनर्ड स्किनर्ड या अमेरिकन रॉक बँडच्या या अल्बमाची सीडी दीड डॉलरची, अटलांटाजवळच्या अल्फारेटातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून उचललेली, डबीला तडा गेलेला. गाडीच्या प्लेअरमध्ये घातली ती अडकली. बाहेर काढायचे गॅरेजवाल्याने ३४० डॉलर सांगितले. पूर्ण युनिटच बदलावं लागेल म्हणे. दीड डॉलरच्या वस्तूसाठी ३४० मोजण्याइतका मी अजून अमेरिकन झालेलो नाही. रेडिओ त्याच्या आधीच गेलेला. म्हणजे आठ महिने आमच्या गाडीत एक तर हा अल्बम, नाहीतर शांतता.

लेनर्ड स्किनर्ड हा अमेरिकेच्या दक्षिणेतला बँड, ‘फ्री बर्ड’ हे त्यांचं गाजलेलं गाणं, याहून जास्त सांगत बसत नाही. १९७७ च्या २० ऑक्टोबरला मिसिसिपीत बँडच्या विमानातलं इंधन संपून ते कोसळलं आणि गायक रॉनी व्हॅन झँट, गिटारवाला स्टीव्ह गेन्स, त्याची बहीण कॅसी यांच्यासह सहा जण गेले. दहा वर्षांनी उरलेले एकत्र आले, रॉनीच्या जागी धाकटा भाऊ जॉनी उभा राहिला, आणि त्या १९८७ च्या दौऱ्याचा हा लाइव्ह अल्बम.

पहिल्या महिन्यातलं माझं मत एका शब्दात: डुप्लिकेट. मी यांचाच १९७६ चा, अटलांटाच्या फॉक्स थिएटरमधला लाइव्ह अल्बम पाठ केलेला माणूस. पीचट्री स्ट्रीटवरून जाताना मी बायकोला दर वेळी सांगतो, हे थिएटर पाडायला निघाले होते, ते वाचवायला ही मंडळी इथे वाजवून गेली. ती दर वेळी ‘हो का’ म्हणते. त्या अल्बमातला रॉनी गर्दीला विचारतो, कुठलं गाणं ऐकायचंय, आणि थिएटर एका आवाजात उत्तर देतं. दोन्ही अल्बमांचा निर्माता तोच, टॉम डाउड. तरी इथे ड्रम मला ऐंशीच्या दशकात घासून-पुसून ठेवल्यासारखे वाटतात, आणि जॉनी बरोबर सगळं गातो. बरोबर गाणं हीच माझी तक्रार होती. रॉनी तालाच्या मागे आरामात रेलून बसायचा, हा वेळेवर हजर.

पण हे सगळं चाललं असतं. खरा राग शेवटच्या गाण्याचा. अहो, ‘फ्री बर्ड’साठीच तर या बँडचा लाइव्ह अल्बम घेतात लोक! आणि त्यातच गायक गप्प. जॉनी त्या दौऱ्यात ते गाणं गायला तयारच नव्हता, भावाचं गाणं. बँड नुसतं वाजवते, शब्द लोकांचे लोकांनी म्हणायचे. माझ्या ऑफिसच्या रस्त्याचं गणित असं जमलंय की हे गाणं बरेचदा संध्याकाळी ४०० नंबरच्या हायवेवर गर्दीत अडकल्यावर लागतं. तीन महिने मी मनातल्या मनात दीड डॉलर परत मागत होतो. मग कंटाळून स्वतःच म्हणायला लागलो. माझं आरतीतल्या ‘लवथवती’सारखं होतं: पहिली ओळ खणखणीत, पुढची शेजाऱ्याच्या भरवशावर. शेजारी कोणी नसतं.

(मध्येच एक. ‘स्वीट होम अलाबामा’च्या आधी हे लोक ‘डिक्सी’ची धून वाजवतात. अमेरिकन यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या बाजूची ती आवडती धून. सिग्नलला उभा असलो की तेवढा वेळ मी काचा वर करतो. त्याबद्दल पाचातला एक तारा कापला आहे आणि तो परत देणार नाही.)

मत बदललं ते एप्रिलमध्ये आई आल्यावर. तिला इंग्रजी गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण भजनी मंडळात पंचवीस वर्षं पेटी वाजवली आहे. किराणा घेऊन येत होतो. शेवटचं गाणं लागलं, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, “गाणारा कुठे गेला रे?”

सांगितलं.

“थोरल्याचं आहे होय,” म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. मांडीवर मेथीची पिशवी होती, तिच्यावर उजव्या हाताची बोटं चालू झाली. “आणि ही पेटी कोण वाजवतंय?”

पेटी नव्हे, पियानो, बिली पॉवेल. हा मूळचा बँडचं सामान उचलायला ठेवलेला पोरगा. एकदा सहज याच गाण्यावर पियानो वाजवून बसला, रॉनीने ऐकलं आणि त्याला बँडमध्येच घेतलं. इतके महिने मी न आलेल्या आवाजावर कान लावून बसलो होतो, त्यामुळे खाली काय वाजतंय ते कधी धड ऐकलंच नव्हतं. गिटारींचंही तेच. गाण्याचं संगीत ज्याचं, तो बँडचा मूळ गिटारवाला ॲलन कॉलिन्स १९८६ मध्ये स्वतः दारू पिऊन गाडी चालवताना झालेल्या अपघातात कमरेखाली लुळा झाला. या दौऱ्यात तो व्हीलचेअरवरून स्टेजवर यायचा आणि आपण का वाजवू शकत नाही ते लोकांना सांगायचा. कोर्टानेच ते घालून दिलं होतं. त्याच्या जागी रँडल हॉल, त्यानेच निवडलेला. १९९० मध्ये कॉलिन्सही गेला. म्हणजे गाण्यात जागा एक नाही, दोन रिकाम्या.

पुढे बँडचं नाव वापरण्यावरून रॉनीच्या विधवेने या मंडळींना कोर्टात खेचलं. तिचंही बरोबर वाटतं. तरीही अल्बमाला आता पाचातले चार. ड्रमबद्दल माझं मत तेच आहे.

गाडी विकायला काढली. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं: सीडी अडकलेली आहे, गाडीसोबत मिळेल. मागच्या शनिवारी इथलेच एक आजोबा बघायला आले, डोक्यावर मळकी टोपी. गाडी चालू केली आणि नशीब बघा, नेमकं शेवटचं गाणं. ते आमच्या कॉलनीला एक चक्कर मारणार होते. तीन मारल्या. बिन-गायकाच्या गाण्यात एक शब्द न गाळता, खिडकी उघडी टाकून, शेवटपर्यंत म्हणत होते. मी शेजारी बसून पहिल्या ओळीनंतर गप्प.

गाडी थांबवली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, सीडी प्लेअर बिघडलेला आहे, २०० डॉलर कमी करा.

दीडशेवर मिटवलं.