माउझरचा जाम झालेला बोल्ट आणि बॅलिस्टॉल तेल

मित्राच्या वडिलांची माउझर ९८ ही जुनी जर्मन रायफल बरीच वर्षं ग्रीस चोपडून कपाटात उभी होती. तो ती माझ्याकडे घेऊन आला. चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) आणि मॅगझिन (काडतुसांचा साठा) डोळ्यांनी पाहिलं, बोट घालून पाहिलं, रिकामं होतं. हँडल जड झालं होतं, पण ते उचलल्यावर बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा पोलादी दांडा, कॉक झाला, आतली स्प्रिंग ताणली गेली. सेफ्टीचा खटका मधल्या, उभ्या जागी आणला, डाव्या बाजूचा बोल्ट स्टॉप बाहेर ओढला आणि बोल्ट हातात आला. पुढे गाडी अडली. बोल्टची मागची टोपी, म्हणजे स्लीव्ह, जागची हलेना. तिचा छोटा स्प्रिंगवाला खटका आत दाबून डावीकडे फिरवलं की ती आट्यांवरून सहज सुटायला हवी. इथे खटकाच जेमतेम दबत होता आणि आटे जुन्या ग्रीसने घट्ट धरले होते.

बॅलिस्टॉल मी बरीच वर्षं वापरतो, पण इतक्या हट्टी बोल्टवर त्याची परीक्षा पहिल्यांदाच झाली. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

हे तेल जर्मनीत १९०४ साली हेल्मुट क्लेव्हर यांनी सैन्यासाठी तयार केलं. सैनिकाच्या बंदुकीचं लोखंड, तिचं लाकूड आणि चामड्याचा पट्टा, तिन्हींना एकच तेल चालावं ही त्यामागची गरज होती. ते किंचित अल्कलीधर्मी आहे आणि पाण्यात मिसळलं की दुधासारखं पांढरं होतं. जुन्या रायफलवाल्यांना या दुसऱ्या गुणाची किंमत कळेल. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधून, म्हणजे बुडाशी ठोक्याने पेटणाऱ्या टोपीतून, पोटॅशियम क्लोराइडचं मीठ मागे राहतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि त्याखाली गंज धरतो. नुसतं तेल हे मीठ विरघळवत नाही, पाणी विरघळवतं. बॅलिस्टॉल पाण्यात कालवून पुसलं की पाणी मीठ काढतं आणि पाणी उडून गेल्यावर तेलाचा थर मागे राहतो.

त्या बोल्टला मी आधी उकळत्या पाण्याची अंघोळ घातली. साठवणीचं ग्रीस वर्षानुवर्षं पडलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेलं मेणासारखं घट्ट होतं. ते मऊ करायला गरम पाण्यासारखं काही नाही. बोल्टवर टॉर्चची ज्योत मात्र कोणीही धरू नये. माउझरच्या बोल्टचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, ज्योतीने तो कडकपणा जातो आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. पुढे तोच बोल्ट तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर दाब झेलणार असतो.

बोल्ट गरम असतानाच पाणी झटकलं आणि स्लीव्हच्या सांध्यावर, खटक्यावर आणि खालच्या बाजूच्या दोन लांबट भोकांतून तेल सोडलं. मग मागची बाजू वर ठेवून बरणीत उभा केला. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी बरणीच्या तळाशी तपकिरी ओघळ दिसले, खटका पूर्ण दबायला लागला. पुन्हा गरम पाणी, पुन्हा तेल. तिसऱ्या संध्याकाळी हँडल कापडात गुंडाळून लाकडी जबड्यांच्या शिकंज्यात धरलं, स्लीव्हला चामड्याचा तुकडा गुंडाळला आणि नुसत्या हाताने फिरवली. आधी केसभर हलली, मग पाव फेरा. तिथेच थांबून तेल सोडलं, उलट फिरवली, परत सुलट. पकड लावायचा मोह अशा वेळी फार होतो. पण स्लीव्हवर पकडीचे दात उमटले तर ते कायमचे, आणि जोर लावून आटे मोडले तर बोल्टच गेला.

फायरिंग पिनची, म्हणजे प्रायमरवर ठोका मारणाऱ्या सुईची, जुळणी अखेर बाहेर आली तेव्हा स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये डिंकासारखा थर भरलेला होता. अशा थराने फायरिंग पिन मंदावते, प्रायमरवर ठोका हलका बसतो आणि माणूस काडतुसाला दोष देतो. स्प्रिंग सोडवताना डोळ्यांवर चष्मा हवाच, तिच्यात मोठा ताण असतो. पिनचं टोक कठीण लाकडावर टेकवून स्लीव्ह सरळ खाली दाबायची, पिनच्या मागच्या टोकावरचा कॉकिंग पीस पाव फेरा फिरवून काढायचा आणि दाब हळूहळू सोडायचा. के९८के या माउझर ९८च्याच आखूड जर्मन रायफलच्या दस्त्यात याच कामासाठी मधे भोक असलेली पोलादी चकती बसवलेली असते. बनवणाऱ्यांनी सैनिकाच्या हाताचा किती विचार केला होता, ते पाहून मला आजही भरून येतं.

ते दोन लांबट छेद गच्च बुजलेले होते. प्रायमर फुटला तर मागे येणारा वायू तिथूनच बाहेर पडतो, त्यामुळे लाकडी काडीने ते पूर्ण मोकळे होईपर्यंत मी पुढे गेलो नाही. पिनचं टोक भिंगातून पाहिलं: गोल, गुळगुळीत, खड्डा नाही. खड्डा असता तर पिन बदला असंच सांगितलं असतं, कारण खडबडीत टोक प्रायमरला भोक पाडू शकतं.

आता तेलाविषयी मत. पाचपैकी पाच, पण अपेक्षा योग्य हवी. हे तेल घाई करत नाही. तासाभरात बोल्ट उघडेल म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. तीन दिवस देणार असाल तर ते मुरत जातं, आणि जवळच्या लाकडाला लागलं तरी जीव खालीवर होत नाही. वास गोडसर, उग्र असतो आणि हातांना बराच वेळ राहतो. स्प्रेचा डबा ज्वालाग्राही आहे, तेव्हा खिडकी उघडी आणि आगीपासून लांब.

जोडताना बोल्टच्या आत मात्र ते जवळजवळ कोरडं पुसा, हाताला नुसता ओशटपणा लागेल इतकंच ठेवा. आत साचलेलं तेल धूळ धरतं आणि थंडीत पिनला जड करतं. लॉकिंग लग्जना, म्हणजे बोल्टला जागी अडकवणाऱ्या दातांना, मी तेल नाही, ग्रीसचं बारीक बोट लावतो. तिथे पोलादावर पोलाद दाबून घासतं. दोन रायफली एकत्र साफ करत असाल तर बोल्टची अदलाबदल होऊ देऊ नका, नंबर जुळवून घ्या, कारण हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबर यांत काडतुसासाठी उरणारी जागा, त्या त्या जोडीचा असतो. आणि बोल्ट रायफलमध्येच अडकला असेल, चेंबरमध्ये काडतूस असण्याची शंका असेल, तर तेल, हातोडी, काहीही करू नका. नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि जाणत्या आर्मोररला, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याला, बोलवा.

मित्राची रायफल आता हँडल उचललं की एका दमात कॉक होते. बरणीत उरलेल्या तेलाचं फडकं मी तिच्या दस्त्यावर फिरवलं, तर अक्रोडाच्या लाकडातल्या रेषा वर आल्या.