आईच्या कानातला गुलाबी तुकडा

मी इंदूरला लोकांचे कराचे रिटर्न भरतो, वीस वर्षं, जीएसटी आल्यापासून त्याचेही. हे आधीच सांगून टाकतो, पुढे त्याची लाज निघणार आहे.

दिवाळीनंतर सर्दी झाली आणि आई (वय 76) टीव्ही इतका मोठा लावायला लागली की शेजारच्यांनाही मालिका पाठ झाल्या. त्याच आठवड्यात सुदामानगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बॅनर लागलं: मोफत श्रवण तपासणी, देवळाचा हॉल. गेलो. पंखे घरघरत होते, बाजूच्या खोलीत भजनी मंडळाचा सराव चालू. एका पोरानं आईला हेडफोन घातला, टॅबवर बोटं फिरवली आणि पाच मिनिटांत आलेख समोर धरला. दोन्ही कान 70 डेसिबल; आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी. ‘आंटीजी की नस कमज़ोर है अंकल, देर की तो दिमाग पे असर आएगा.’

घाबरलो. 64 हजारांची श्रवणयंत्रांची जोडी ‘सिर्फ आज’ 46 हजारांत. कार्ड काढलं.

मग यंत्र कानात नीट बसावं म्हणून कानाचा साचा. त्यानं मोठ्या सिरिंजमधून गुलाबी लगदा थेट कानात भरला. डावा साचा अख्खा निघाला. उजवा ओढताना आई ‘अगं आई गं’ म्हणाली, आणि साच्याचं टोक तुटकं दिसलं. त्यानं ते उलटसुलट करून बघितलं आणि पिशवीत टाकलं. मीही बघितलं, बोललो नाही.

आठ दिवसांनी मशीन आलं. सुनेनं ओट्यावर स्टीलची ताटली ठेवली की आई कानावर हात घ्यायची, डोक्यात घण बसतोय म्हणायची. दुकानातून उत्तर, ‘आदत पड़ जाएगी.’ तिसऱ्या आठवड्यात उजवा कान ठणकायला लागला, उशीवर पिवळा डाग.

एम.वाय. या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं, मग मलाही बघायला लावलं. काळा घट्ट मळ, आणि त्यापाठी गुलाबी. अर्ध्या तासानं चिमट्यातून वाटाण्याएवढा तुकडा आला. पडदा शाबूत होता. साचा घेण्याआधी कानात आत डोकावतात, आणि पडद्याच्या अलीकडे दोरा बांधलेला कापसाचा बोळा ठेवतात, म्हणजे लगदा पुढे सरकत नाही, हे मला तिथे कळलं. आमच्याकडे दोन्ही झालं नव्हतं.

दोन्ही कानांतला मळ काढून, कान बरा झाल्यावर बंद खोलीत पुन्हा तपासणी झाली. हेडफोन लावून, शिवाय कानामागच्या हाडावर थरथरणारं बटण ठेवून. बटणाचा आवाज नीट ऐकू येतो आणि हेडफोनचा येत नाही, म्हणजे अडथळा वाटेत आहे, नस ठीक आहे. हाडाची तपासणी न करता ‘नस कमज़ोर’ म्हणणं म्हणजे पत्रिका न बघता मंगळ सांगणं. आईचे कान निघाले 35 डेसिबलचे, वयाच्या मानानं बरेच. 70च्या हिशोबानं जोर लावलेलं मशीन ती तीन आठवडे घालून बसली होती, आणि तसं चालू राहिलं असतं तर उरलेलं ऐकणंही जाऊ शकलं असतं.

आता लाज. घरी येऊन बिल काढलं: 46,000 अधिक 18 टक्के जीएसटी, 8,280. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे. शून्य! दुसऱ्यांच्या बिलातला एक रुपया मी पकडतो, आणि इथे सही ठोकून आलो. बिलावर मशीनचा सिरीयल नंबर नव्हता, तपासणाऱ्याचं नाव होतं, नोंदणी क्रमांक नव्हता. श्रवण तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्टची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे लागते. वेबसाइटवर नाव टाकून बघितलं, नाही सापडलं. 1992च्या कायद्यात नोंदणीशिवाय हे काम करणाऱ्याला वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! सराफ्याच्या खाऊगल्लीत चार जण पोटभर जेवले तर तेवढं होतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार टाकली. डॉक्टरांचा कागद, दोन्ही आलेख आणि तुकड्याचा फोटो जोडला. जीएसटीचे पैसे दुकानदारानं चार दिवसांत परत केले, उरलेल्यांवर अजून ‘देखते हैं’.

परवा अन्नपूर्णा रोडला तसंच बॅनर दिसलं, पोरगाही तोच. मी रांगेत बसलो. माझा नंबर आल्यावर विचारलं, ‘पहले कान के अंदर देखोगे ना?’

त्यानं बॅग उघडली, बराच वेळ चाचपली आणि म्हणाला, ‘अंकल, वो आज घर रह गई.’