अमेरिकेतून मागवलेलं ट्रेकिंगचं सामान: मेळघाटात वापरून पाहिल्यावर

जोडे, पाण्याचा फिल्टर, चालायच्या काठ्या आणि डोक्याला बांधायची बॅटरी. एवढं सामान मी अमेरिकेतल्या दुकानांतून पार्सल फॉरवर्डरमार्फत मागवलं. पावसाळा, थंडी आणि आपला वैशाख, सगळं काढून झालंय. निकाल आधीच सांगतो: फिल्टर पुन्हा मागवीन, जोडे कदाचित, काठ्या अजिबात नाही. बॅटरी चांगली आहे, पण तिच्यासाठी सातासमुद्रापार जायची गरज नव्हती.

तिकडची बरीच छोटी दुकानं भारतात माल पाठवतच नाहीत. फॉरवर्डर आपल्याला तिकडचा एक पत्ता देतो, त्यात आपल्या नावापुढे एक नंबर. दुकान माल त्या पत्त्यावर टाकतं, तो गोदामात जमा होतो आणि आपण सांगू तेव्हा सगळे डबे एकात करून इकडे निघतात. माझं गोदाम ओरेगॉन राज्यात होतं. तिथे विक्रीकर नाही, म्हणजे साइटवर दिसते तीच किंमत. डेलावेअरचंही तसंच. दुसऱ्या राज्यातला पत्ता मिळाला तर तिथला कर वाढून येतो, हे खातं उघडतानाच बघून घ्या.

भाड्यात खरी मेख वजनाची नाही, जागेची आहे. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणतात, ५००० ने भागतात आणि तो आकडा मोठा की खरं वजन मोठं ते बघून जास्त असेल ते लावतात. जोड्याचा डबा ३५ × २२ × १३ चा असेल तर भागून बघा, दोन किलो येतात. आतले जोडे पाऊण किलोचेही नसतात! म्हणून गोदामवाल्यांना स्पष्ट लिहायचं की डबे फेका, जोड्याच्या पोटात फिल्टर आणि मोजे कोंबा. त्याचे वेगळे पैसे घेतात, पण परवडतं. घडीची फोमची चटई मी याच हिशोबात गाळली. अर्ध्या किलोच्या आतली वस्तू आणि भाडं पावणेदोन किलोचं, कोण देणार?

कस्टमचा हिशोब लोक फक्त वस्तूच्या किमतीवर करतात आणि मग पावती बघून डोक्याला हात लावतात. किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर सीमाशुल्क लागतं, मग शुल्कासकट झालेल्या रकमेवर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. म्हणजे भाडं महाग घेतलं की करही वाढला. दर बजेटमध्ये हलतात, त्यामुळे ऑर्डर कराल त्या वेळचाच दर बघा, जुन्या व्हिडिओतला नको. आधार किंवा पॅनची प्रत कुरिअरवाले मागतातच. शिवाय कार्डावर बँकेचा परकीय चलनाचा अधिभार असतो, तो कोणीच मोजत नाही. “गिफ्ट म्हणून लिहायला सांग” हा सल्ला अजूनही फिरतो. डिसेंबर २०१९ पासून ती वाट बंद आहे. राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर भेटवस्तूवरही पूर्ण शुल्क भरावं लागतं.

मुंबईपर्यंत पार्सल झपाट्यानं आलं. खरी परीक्षा पुढे. आमच्या गावाचा पिनकोड टाकला की कुरिअरची साइट ‘सेवा उपलब्ध नाही’ म्हणते, म्हणून परतवाड्यातल्या ओळखीच्या कृषी केंद्राचा पत्ता दिला होता. तरी पार्सल अमरावतीतच बसलं आणि फोन आला, “भाऊ, येऊन घेऊन जा.” गेलो एसटीनं. दुसऱ्या खेपेला पोस्टाचा पर्याय निवडला. उशीर लागला, पण पोस्टमन काका शुल्काची पावती आणि पार्सल घेऊन थेट दारात. खेड्यात राहत असाल तर डोळे मिटून पोस्ट घ्या.

आता जोडे. निम्मं आयुष्य अनवाणी आणि चपलेत गेल्यानं माझा पंजा पसरट आहे, इथल्या दुकानातल्या जोड्यात करंगळी चेपते. रुंद पंजाचे जाळीदार जोडे हवे होते, तसे मिळाले. श्रावणात पचमढीच्या नागद्वार यात्रेला हेच घालून गेलो. ओल्या दगडावर पकड झकास, ओढ्यात भिजले की पटकन वाळतातही. (नऊवारी खोचलेल्या एक आजी रबरी चपलेत “हर हर महादेव” म्हणत मला मागे टाकून गेल्या, हेही नोंदवून ठेवतो.)

पण आपल्या काळ्या मातीचा विचार हे जोडे बनवणाऱ्याने केलेला नाही. पाऊस पडून गेल्यावर धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधानं, दहा पावलं चाललं की तळव्याच्या खाचा गच्च भरतात आणि प्रत्येक पायाला किलोभर माती लटकते. त्याहून वाईट कुसळं. दिवाळीनंतर गवत वाळलं की त्यांची टोकं जाळीतून सरळ आत शिरतात. ओल लागली की कुसळ पीळ बदलतं आणि फिरत फिरत मोज्यात, मग कातडीत घुसतं. वरून शेपूट ओढलं तर ते तुटतं, टोक आतच राहतं. जोडा उलटा करून, आत हात घालून चिमट्यानं एकेक उपसावं लागतं. शेवटी परतवाड्यातल्या टेलरकडून जाड कापडाचे घोट्यावर चढणारे गेटर शिवून घेतले. परदेशी गेटरच्या नुसत्या भाड्यातही त्याची शिलाई बसली असती. जोड्याची किंमत ऐकून शेजारचे काका म्हणाले, “इतल्या पैशात तं बकरी आली असती बावा, दूधबी देल्लं असतं.”

काठ्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लांब डबा, त्यामुळे भाडं भरमसाट. बाजारातली वेळूची काठी तेच काम करते आणि कुत्र्यावर उगारायलाही तीच बरी.

फिल्टरवर मात्र मी खूश आहे. सॉयर कंपनीचा ‘स्क्वीझ’, मुठीएवढा, छिद्रं ०.१ मायक्रॉनची. गुरं उतरतात तशा ओढ्याचं पाणीही प्यायलो, पोट बिघडलं नाही. जिवाणू अडतात, विषाणू अडत नाहीत, म्हणून गावाच्या खालच्या अंगाचं पाणी मी तरीही उकळूनच पितो. गढूळ पाणी आधी फडक्यातून गाळा आणि घरी आल्यावर सोबतच्या पिचकारीनं उलटं पाणी मारा, नाहीतर धार बारीक होत जाते. दर्यापूरच्या साडूंनी विचारलं, आमच्या बोअरचं पाणी यानं गोड होईल का? नाही होणार. खारपाणपट्ट्यातले, म्हणजे तिकडच्या खाऱ्या भूजलाच्या भागातले, क्षार पाण्यात विरघळलेले असतात, ते या छिद्रांतून आरामात निघून जातात. यवतमाळकडच्या फ्लोराइडचंही तेच.

माप चुकलं तर बदलून मिळणं जवळपास विसरा. परत पाठवायचं भाडंच वस्तूच्या अंगावर येतं. गॅसचे डबे विमानानं येत नाहीत. आणि मेळघाटात रेंज नसते म्हणून सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र मागवायचा मोह होतो, तर तो टाळा. परवान्याशिवाय ते भारतात बाळगणं हा गुन्हा आहे, विमानतळावर लोकांना त्यावरून अडवलंय. वनखात्याच्या नाक्यावर नाव आणि परतायची वेळ लिहा, मोकळ्या असलेल्या वाटेनंच जा आणि वाट दाखवायला इथल्या कोरकू आदिवासींपैकी एखादा दादा सोबत घ्या.